नुसतं बसायचे पैसे

घरात राहून कंटाळा आला की माणूस सहलीला निघतो, हे समजण्यासारखं आहे. पण समुद्र ओलांडून पाच हजार किलोमीटरहून लांब जायचं आणि तिथे पुन्हा एक आख्खं घरच भाड्याने घ्यायचं, हे आमच्या पिढीला जरा पचवून घ्यावं लागतं. हॉटेलचं बरं असतं. खोली म्हणजे खोली, कार्ड लावलं की दार उघडलं. व्हिला म्हणजे फाटक, अंगण, ओटा, सिंक, फ्रिज आणि मधोमध फक्त आपल्यासाठी पोहण्याचा तलाव. बालीत उबुडपासून थेट चांगूच्या किनाऱ्यापर्यंत असे व्हिला पसरलेत, आणि हल्ली मुलं आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांचं बुकिंग करून देतात. वर बजावतात, "काही करू नका. नुसतं बसा."

नुसतं बसणं आमच्या दोन्ही घराण्यांत आजवर कुणाला जमलेलं नाही.

व्हिलात शिरल्या शिरल्या नवऱ्याने तलावाकडे ढुंकूनही न बघता आधी पाण्याचा पंप शोधला. मग मेन स्विच. मग सगळे नळ एकेकदा सोडून बघितले आणि त्यातला एक ठिबकतोय हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला. बाथरूमला अर्धंच छप्पर होतं, उरलेल्या अर्ध्यात आकाश आणि दोन केळी. बालीत ही पद्धतच आहे. "अहो, पाऊस आला तर?" मी विचारलं. "मग शॉवर बंद करायचा," तो म्हणाला. तोवर मी ओट्यावरचे दोन्ही कप विसळून ठेवले होते. ते आधीच स्वच्छ होते, पण दुसऱ्याच्या घरातले कप न विसळता चहा करायचा कसा? संध्याकाळपर्यंत चाफ्याच्या दोन झाडांमध्ये दोरीही बांधली गेली. माहितीपत्रकातल्या फोटोत त्या चाफ्यामागे सूर्यास्त दिसतो. आमच्या फोटोत पंचा दिसतो.

सकाळी नऊला साफसफाईला माणसं येणार, असं कळवलेलं होतं. म्हणून आम्ही साडेआठलाच व्हिला आवरायला घेतला. बाई यायच्या आत घर आवरलेलं दिसायला हवं, या धाकात ज्यांची हयात गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाई आली ती मात्र झाडू घेऊन नाही, तबक घेऊन. त्यात नारळाच्या पानांच्या विणलेल्या, तळहाताएवढ्या चौकोनी परड्या. प्रत्येकीत रंगीत पाकळ्या, चार शितं भात, एकीत चक्क क्रीमचं बिस्किट. याला म्हणतात चानांग सारी. बालीतल्या घरात, दुकानात, गल्ल्यावर, टॅक्सीच्या डॅशबोर्डवर रोज हे ठेवलं जातं. तिने एक परडी देवळीत उंचावर ठेवली, उदबत्ती लावली, बोटांत फूल धरून तीनदा पाणी शिंपडलं. मग एक छोटा नैवेद्य थेट जमिनीवर, फाटकाच्या तोंडाशी. वरचा देवांना, खालचा उपद्रवी भूतगणांना. त्यांनाही जेवू घातलं की ते त्रास देत नाहीत. ताटाभोवती चित्राहुती घालणाऱ्या माणसांना यात नवल वाटू नये, तरी मला वाटलंच, कारण आपण देवाचं करतो ते नीट आणि बाकीच्यांना उरकून टाकतो. तिने दोन्हीकडे सारखाच वेळ घेतला. ती वळताच एक कोंबडी आली आणि बिस्किट घेऊन गेली. कुणी हाकललं नाही. नैवेद्य अर्पण झाला की मागे उरतं त्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

व्हिलाचा खरा मान तरंगत्या न्याहारीचा. वेताच्या मोठ्या तबकात अंडी, फळं, केळ्याचा पॅनकेक, कॉफी असं मांडून ते तबक तलावात सोडतात, आणि आपण पाण्यात उभं राहून खायचं. फोटोत हे फार गोड दिसतं. प्रत्यक्षात तबकाला भौतिकशास्त्र कळतं. आपण त्याच्याकडे गेलो की आपल्याच लाटेने ते पुढे सरकतं. नवरा छातीभर पाण्यात दोन्ही हात पसरून हळूहळू त्याच्या मागे, आणि ते पपईसकट पलीकडच्या कडेला. शेवटी त्याने ते कोपऱ्यात गाठलं, एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने पॅनकेक तोंडात घातला. कॉफी तोवर निवली होती. "अगं, ये की," तो म्हणाला. मी काठावर पाय सोडून, माझ्या पुडीतल्या चहाचा कप घेऊन बसले होते. तबक काठाशी आणून दे, मग येते, असं मी सांगितलं.

एवढे पैसे मोजलेत म्हणजे व्हिलात बसायला हवं. एवढ्या लांब आलोय म्हणजे बाहेर पडायला हवं. ही ओढाताण रोज सकाळी व्हायची आणि रोज बाहेर पडणंच जिंकायचं, कारण फिरण्याची वसुली मोजता येते. तिथल्या रुपयाचा हिशेब सोपा आहे: तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला साधारण पाचाने गुणायचं. परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपयांचा कर घेतात हे वाचून छाती दडपते. शून्यं उडवली की आठशेच्या आसपास येतात. हा कर फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाला.

तानाह लोटचं समुद्रातल्या खडकावरचं देऊळ बघितलं, गर्दीत सूर्यास्तही बघितला. तेगलालांगला भातखाचरांच्या कडेला उंच झोपाळे टांगलेत, आणि झोका घेताना मागे लांब उडावा म्हणून घोळदार झगाही भाड्याने मिळतो. माझं माहेर कोकणातलं. चिखलात गुडघाभर उभं राहून तरवा लावणाऱ्या आयाबायांच्या लेकीने भातशेत बघायचे पैसे द्यावेत, हे काही मनाला पटेना. झगा मी घेतला नाही. नवऱ्याने दर तेवढा विचारला.

मन गुंतलं ते सुबाकमध्ये. ही शेतकऱ्यांची पाणीवाटपाची जुनी व्यवस्था, हजार वर्षांहून अधिक काळाची. तिची जातिलुविहसारखी काही ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. डोंगरातलं पाणी पाटापाटांनी उतरतं, आणि कुणाला कधी किती, हे शेतकरी पाण्याच्या देवळाशी बसून एकत्र ठरवतात. आसपासच्या सगळ्यांनी एकाच सुमारास लावणी करायची, एकाच सुमारास रानं मोकळी ठेवायची, म्हणजे किडीला पुढच्या शेतात आसरा मिळत नाही. आमच्याकडे एका बांधापायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत. "तुझ्या काकांना आणायला हवं होतं," नवरा म्हणाला. दोन्ही काकांना एका विमानात बसवायचं कुणी, हा प्रश्न होताच. आणि एक खटकलंही. 'भातशेताचा देखावा' म्हणून जो व्हिला चढ्या भाड्याने देतात, तो स्वतः बऱ्याचदा भातशेतावरच उभा असतो. देखावा विकत घेणारे वाढले की देखावा कमी होतो, आणि घेणाऱ्यांत आम्हीही होतोच.

उलुवातूला कड्यावरच्या देवळात माकडं फार. चष्मा काढून ठेवा, असं सगळेच सांगतात. "चष्मा काढला तर बघू काय?" नवरा म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण माकडाने ते ऐकून घेतलं नाही. चष्मा भिंतीवर गेला. देवळातल्या माणसाने फळ पुढे केलं. माकडाने फळाकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसरं फळ आल्यावर सौदा झाला. या माकडांचा रीतसर अभ्यास झालाय, २०२१ साली प्रसिद्धही झालाय: मोठ्या माकडांना माणसाला काय प्रिय आहे ते कळतं, फोन-चष्म्यासारख्या वस्तू ती निवडून पळवतात आणि त्यांच्या बदल्यात चांगला खाऊ मिळेपर्यंत ताणून धरतात. संध्याकाळी तिथेच केचाक पाहिलं. वाद्य एकही नाही, फक्त पुरुषांच्या घोळक्याचा 'चक चक चक' गजर आणि त्यात रामायण. हनुमान खेळकरपणे प्रेक्षकांत उतरला तेव्हा सगळ्यांनी फोन वर केले. नवऱ्याने चष्मा खिशात घातला.

परतताना गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी चालली होती. "वर्षातून एक दिवस हा रस्ता अगदी रिकामा असतो," ड्रायव्हर म्हणाला. तो दिवस न्येपीचा, त्यांच्या शक संवत्सराच्या पहिल्या दिवसाचा. आपला पाडवा नि न्येपी कधी महिनाभर पुढेमागे होतात, कधी जुळतात. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चलाच होते. आपल्याकडे त्या दिवशी शोभायात्रा, नव्या गाडीचा ताबा, फ्लॅटचं बुकिंग. ते आपला सगळा दंगा आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या अक्राळविक्राळ मूर्ती मिरवून उरकतात आणि दुसऱ्या दिवशी बेट बंद करतात. विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पाहुण्यांनीही आवाराबाहेर पडायचं नाही. गावचे राखणदार रस्त्यावर गस्त घालतात.

"म्हणजे व्हिलातच बसायचं, तेही अंधारात," नवरा म्हणाला. "मग त्या दिवशी भाडं निम्मं असेल ना?"

ड्रायव्हरला हसू आवरेना. उलट त्या दिवसाची खास पॅकेजं विकतात, असं त्याने सांगितलं.

मी विचारलं, त्या दिवशी घरोघरी स्वयंपाक कोण करतं? कुणीच नाही, तो म्हणाला, आदल्या दिवशी केलेलं खायचं. आपली शिळासप्तमीच की! पण शिळासप्तमीला निदान भांडी तरी पडतात. भांडी? तीही नाही घासायची, तो म्हणाला, काम म्हणजे काम.

मी पुढच्या न्येपीची तारीख तिथल्या तिथे लिहून घेतली.