पेटीवर पद्मपाणी, आत खरखर

छत्रपती संभाजीनगरात घरी गिटारचं पेडल बांधणाऱ्याला चित्राची ददात नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आहे, हिमरूची नक्षी आहे, बिदरीची काळ्यावर रुपेरी वेलबुट्टी आहे. नाव दौलताबादच्या मेंढा तोफेला शोभेल असं. झाकण उघडावं, तर आत 1966 साली लंडनहून आलेल्या फझ फेस पेडलचं सर्किट: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तोही कच्च्या डागाचा.

चित्राला श्रावण ते दिवाळी पुरत नाही, सर्किटचा लेआउट मात्र एका संध्याकाळी उरकतो. चकचकीत कागदावरची लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्याच्या बोर्डावर उतरवायची, नको ते तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचं. प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढायची राहिली, की ट्रान्झिस्टरचे पायही उलटे. इनपुटची तार आउटपुटला चिकटून गेली, की पेडल न वाजवता शिट्टी मारतं. मग मालक सांगतात, ‘हा मुद्दाम ठेवलेला टोन आहे.’ पद्मपाणीची नजर खाली का, ते तेव्हा कळतं.

हौस दांडगी आहे, असू दे. पण आधी तारा एकमेकींपासून लांब ठेवा, अर्थिंग तपासा, कुंचला मग हाती घ्या. आणि व्हॉल्व्हचा अॅम्प निव्वळ सजावटीसाठी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याचे कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. त्यांना कलेची कदर नसते.