वाऱ्याची मोजदाद

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचं धोरण आपण 2015 साली जाहीर केलं. 2018 मध्ये उद्दिष्टंही ठरली: 2022 पर्यंत 5 गिगावॉट, 2030 पर्यंत 30. त्यातलं 2022 तेवढं वेळेवर आलं.

सरकार हातावर हात धरून बसलं होतं, असं मात्र कोणी म्हणू नये. खंबायतच्या आखातात, पिपावावजवळ, 2017 च्या अखेरीस एक लायडार यंत्र बसवलं गेलं. भर समुद्रातल्या फलाटावरून ते आकाशात लेसर सोडायचं आणि वाऱ्याचा वेग टिपायचं. समुद्रावर वारा असतो, हे अशा रीतीने कागदोपत्री सिद्ध झालं (कोळ्यांना विचारलं असतं तर भत्ता द्यावा लागला असता). पण समुद्रतळात खांब ठोकायला पाय टेकून उभी राहणारी खास जहाजं लागतात, लांबलचक पाती ठेवायला बंदरात ऐसपैस जागा लागते आणि तयार झालेली महाग वीज घ्यायला गिऱ्हाईक लागतं. हे लायडारला दिसत नाही.

2024 मध्ये केंद्राने 7,453 कोटींची योजना मंजूर केली. 500 मेगावॉट गुजरातला, 500 तमिळनाडूला. गुजरातची निविदा निघाली, 2025 मध्ये रद्दही झाली. मोसमी वारा मात्र निविदा न भरता आला, आणि नेहमीप्रमाणे वीज न देता निघून गेला.