विसर्ग चालू आहे

सकाळी साडेसातला नानांकडे फोन केला, तर माई उचलतात आणि एकच वाक्य सांगतात, "विसर्ग चालू आहे, बारानंतर करा." पहिल्यांदा ऐकणारा माणूस हबकतो. त्याला वाटतं, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल गेला पाण्याखाली, नदीपात्रात लावलेली गाडी आधी काढा. आम्ही सोसायटीतले लोक हबकत नाही. दुसऱ्या मजल्यावर नानांनी सहाच्या ठोक्याला पाण्याची गोळी घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पाण्याची गोळी म्हणजे सहलीला नेतात ती पाणी शुद्ध करायची नव्हे. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते ती. डॉक्टर तिला डाययुरेटिक म्हणतात, केमिस्ट लॅसिक्स म्हणतो आणि चारचौघांत 'लघवी' म्हणायला जीभ न उचलणारी आपल्यासारखी माणसं पाण्याची गोळी म्हणतात. या गोळीवरचा एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. ओळखायला सोपा. लग्नात तो व्याह्यांचा सख्खा भाऊ असला तरी शेवटच्या रांगेत, दाराशी बसतो. नाटकाला त्याला रांग कितवीही चालते, खुर्ची मात्र कडेचीच लागते. कुणाच्याही घरी गेला की पाणी नको, चहा नको म्हणतो आणि जाताना विचारतो, "जरा... कुठल्या बाजूला?"

नाना याच जातीचे. फरक एवढाच की बाकीचे ही गोष्ट लपवतात आणि नाना तिचं निवेदन जाहीर करतात. कारण ते पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. खात्याचं नाव जलसंपदा होऊन वर्षं लोटली, पण नानांना ते मान्य नाही. उभी नोकरी मुठा उजव्या कालव्यावर गेली. कुणाची पाळी, कुठली चारी, टेलला पाणी पोचलं की नाही, यातच केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षं हातात काही कालवा नव्हता. माणूस कोमेजला होता. मग पाय सुजले आणि नाना पुन्हा कामावर रुजू झाले.

सुजेची गोष्ट ते रंगवून सांगतात. ब्लडप्रेशर जुनंच, अम्लोडिपिनची गोळी बरीच वर्षं चालू. एका संध्याकाळी मोजे काढले, तर नडगीभोवती इलॅस्टिकचा हा एवढा चर उमटलेला. नानांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. खड्डा पडला. "आणि भरेचना रे! वीस आकडे मोजले मी." डॉक्टरांना आधी वाटलं, अम्लोडिपिननंच असेल, तिनं अनेकांचे घोटे सुजतात. तिचा डोस कमी केला. सूज हलेना. मग रक्त, लघवी, टूडी इको. वर्षानुवर्षांच्या प्रेशरनं हृदयाच्या भिंती जाड आणि ताठर झाल्या होत्या. म्हणून ही गोळी लागली. फ्युरोसेमाइड, ४० मिलिग्रॅम, सकाळी एक.

"उभं आयुष्य टेलला पाणी पोचत नाही म्हणून शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या," नाना आपल्या पायांकडे बोट दाखवून म्हणतात, "आणि आता स्वतःच्या टेलचं पाणी हटत नाही!"

डॉक्टर गोळी कशी चालते ते सांगत होते आणि नाना, माईंच्या शब्दांत, 'पोरगी पसंत पडल्यासारखं' ऐकत होते. ही गोळी पाण्याला हात लावत नाही. किडनीतल्या नळ्या जे मीठ परत रक्तात ओढून घेतात, ते ओढणं ती अडवते. मीठ निघालं की पाणी त्याच्या मागोमाग निघतं. शिवाय किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर सोडतात, बाकी सगळं परत. हा आकडा कळल्यावर नाना त्या रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर येऊन म्हणाले, "शंभरातलं नव्याण्णव लिटर वाचवतात रे! दोन मुठीएवढ्या किडन्या! आणि आमच्या कालव्यात निम्मं पाणी वाटेतच गळायचं. मी एकाही ठेकेदाराला हे अस्तर जमलेलं पाहिलं नाही."

गोळी तोंडात गेल्यावर तासाभरात काम सुरू करते, पुढच्या तासात जोर धरते आणि सहा-एक तासांत ओसरते. लॅसिक्स हे नावच मुळी इंग्रजी 'लास्ट्स सिक्स'वरून पडलं असं सांगतात. सहा तास टिकते म्हणून. नानांना यात परमेश्वरी योजना दिसते. पाणी सोडायचं, ठरावीक वेळ वाहू द्यायचं आणि दार बंद करायचं. याला खात्यात आवर्तन म्हणतात. मग आवर्तनाची नोंदवही आली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, लाल पाठीची. तारीख, वजन, प्रेशर, पायाची स्थिती, विसर्गाच्या वेळा आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याच्या खाली नाना सही करतात. घरात दुसरा अधिकारी नाही, तरी प्रतिस्वाक्षरीची जागा मोकळी सोडतात.

या गोळीनं नानांचं पुणं मात्र बदललं. तुम्ही-आम्ही शहर देवळांवरून, हॉटेलांवरून ओळखतो. नाना स्वारगेट ते शिवाजीनगर हा पट्टा केवळ स्वच्छतागृहांवरून सांगू शकतात. कुठल्या पेट्रोलपंपावर किल्ली मागावी लागते, कुठल्या बँकेचा शिपाई पासबुक न बघता आत सोडतो, कुठल्या सार्वजनिक वास्तूत उद्घाटन झालंय पण पाणी आलेलं नाही, सगळं पाठ. हॉटेलात नुसतं जायला त्यांना अवघडतं, म्हणून आधी चहा मागवतात. "आणि तिथंच योजना फसते," ते कुरकुरतात. "एक सोडायला गेलं की एक आवक वाढते. पुढच्या चौकात पुन्हा हॉटेल बघा."

मुंबईला जायचं तर डेक्कन क्वीननंच. शिवनेरीचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा दुष्काळी होतो. शिवनेरीत संडास नसतो आणि चालकाला तीनदा थांबवा म्हणायला तोंड होत नाही. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते. तिच्यात सोय आहे, पण सोयीबाहेरच्या रांगेत नानांसारखेच आणखी चार पाटबंधारेवाले उभे असतात. शिवाय दादरला उतरून लोकलमध्ये चढलं की संपलं. लोकलला ही सोयच नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवशी गोळी मुक्कामी पोचल्यावर, दुपारी घेतात. दुपारी म्हणजे दुपारीच. एकदा विसरले आणि रात्री आठला घेतली. त्या रात्रीच्या शेऱ्यात लिहिलंय : 'रात्रपाळी. चौकीदार जागा होता. चौकीदारीणही.'

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, केवढा शिस्तीचा माणूस! मलाही वाटायचं. पण या जातीच्या माणसाची खरी गंमत पुढेच आहे. नाना दार काटेकोर सांभाळतात आणि धरणात येणाऱ्या पाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, हे त्यांना तोंडपाठ आहे. आमटीत माई मीठ कमी घालतात तेव्हा ते कौतुकानं मान डोलावतात. मग पानाच्या डाव्या बाजूला हात जातो. लोणच्याची फोड, दह्यातली सांडगी मिरची, पापड. "हे मीठ नाही, हे तोंडीलावणं आहे," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा दिवाळीत बाकरवडी घेऊन गेलो, तर तीन खाऊन झाल्यावर म्हणाले, "गोळी आहे ना!"

ही 'गोळी आहे ना' वृत्ती फक्त नानांची नाही. गोळीवरच्या बहुतेकांना ती जडते. गोळी म्हणजे त्यांना जामीन वाटतो.

आणि जामीन नको असेल तेव्हा हीच माणसं गोळीला रजा देतात. मागच्या वैशाखात सांगलीला नानांच्या पुतणीचं लग्न झालं. हॉल मोठा, सोय दूर, जिन्याखाली. नानांनी स्वतःच्या अधिकारात आवर्तन तीन दिवस पुढं ढकललं. देवक, लग्न, पूजा. तीन दिवस मसालेभात, मठ्ठा, कुरडया, पापड, लोणचं. गुडघे दुखले म्हणून व्याह्यांच्या मेव्हण्यानं खिशातली दुखण्यावरची गोळी दिली, तीही सकाळ-संध्याकाळ. मंगलाष्टकांना नाना पहिल्या रांगेत उभे होते. फोटोत ते फार खूश दिसतात. नीट बघितलं तर पावलं बुटांतून वर आलेली दिसतात.

चौथ्या रात्री पुण्याला त्यांना आडवं पडवेना. एक उशी, दोन उशा, शेवटी खुर्ची. दम लागत होता. वजनकाट्यावर उभे राहिले तर साडेतीन किलो जास्त. त्या रात्री दवाखान्यात कोण कोण गेलं, किती वाजता इंजेक्शन दिलं, हे नाना सांगत नाहीत. मी सोबत होतो, म्हणून मला माहीत. नाना स्ट्रेचरवर बसून नऊ वर्षांच्या पोरासारखे माईंचा हात धरून होते. नऊ वर्षांचे असताना, १२ जुलै १९६१ ला, त्यांनी नारायण पेठेतलं घर पानशेतच्या पाण्यात जाताना पाहिलं होतं. साठलेल्या पाण्याचं त्यांना भय आहे ते तेव्हापासून. ते भय ते विनोदात गुंडाळून ठेवतात, एवढंच.

सकाळी डॉक्टर आले. वयानं लहान, नानांच्या मुलाएवढे. त्यांनी वही मागवली आणि पानं उलटत गेले. तीन दिवसांच्या जागी नानांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'देखभालीसाठी कालवा बंद.'

"नाना," डॉक्टर म्हणाले, "वरून पाऊस चालू, कालवा बंद, आणि वर ही दुखण्यावरची गोळी. ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि आपल्या गोळीचा जोर मोडते. तुमच्या खात्यात कुणी असं केलं असतं तर?"

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "निलंबन."

तेव्हापासून वहीत एक नवा रकाना आला आहे, 'आवक'. तो माई भरतात, कारण नानांच्या आकड्यांवर विश्वास नाही. रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि चहाच्या आधी, वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन, हे नियमपत्रक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. बिछान्यातून उठताना आधी कडेला बसायचं, मग उभं राहायचं, कारण गोळीवर उठता उठता डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र त्या दिवशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. प्रतिस्वाक्षरीच्या मोकळ्या जागेत आता माईंची सही असते. माईंनी हा कारभार इतक्या सहज हाती घेतला की खातं पहिल्यापासून त्यांचंच असावं.

नानांना सल्ले देण्याची खोड मात्र गेली नाही. या गोळीनं पोटॅशियमही निघून जातं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज एक केळं खायला सांगितलं आहे. नानांनी कट्ट्यावरच्या सगळ्या प्रेशरवाल्यांना केळी लागू केली. एक शेजारी आठ दिवस इमानेइतबारे केळी, नारळपाणी आणि त्यावर कमी सोडियमचं मीठ घेत होता. त्याची पाण्याची गोळी होती स्पायरोनोलॅक्टोन. ती पोटॅशियम सोडत नाही, उलट राखून ठेवते, आणि कमी सोडियमच्या मिठात तर पोटॅशियमच भरलेलं असतं. तपासणीत पोटॅशियम वर गेलेलं निघालं आणि त्याच्या सुनेनं नानांना जिन्यात गाठलं. नाना आता केळं घरात, दार लावून खातात. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळायचे, तीही डॉक्टरांनी बंद केली. तिनं प्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. "झाडपाल्याचंही खातं भ्रष्ट निघालं," नाना म्हणाले.

काल मी वरती गेलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. नाना आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. त्यांनी लुंगी गुडघ्यापर्यंत ओढली, नडगी अंगठ्यानं दाबली, सोडली. खड्डा नव्हता. वही माझ्यापुढं केली. वजन ६८.४. प्रेशर १३२/८०. टेल कोरडा. विसर्ग समाधानकारक. आवकेच्या रकान्यात माईंच्या अक्षरात : 'पापड अर्धा (चोरून).'

नानांना भेटायचं असेल तर बारानंतर या. येताना खाऊ आणायचाच असेल तर बाकरवडी नको, मोसंबी आणा. आणि बाकरवडी आणलीच असेल, तर माईंच्या हातात द्या.