पोलिसाला दाखवायचं हेल्मेट बनवणाऱ्यास

महाशय,

नावानं हाक मारली असती, पण तुमचं नाव तुमच्या मालावर कुठंच नसतं. एका प्रसिद्ध कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं करून तयार केलेलं नाव पुढं असतं, मागं आयएसआयचा स्टिकर असतो, आणि पत्ता, बिल, तारीख यांतलं काहीही नसतं. स्वतःचं नाव छापायची ज्याला भीती वाटते तो सरकारचा शिक्का मात्र बिनधास्त छापतो. आमच्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलुखमैदान तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ती तोफ इथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिच्यावर ओतणाऱ्या मुहम्मद रूमीचं नाव आजही वाचता येतं. माणसं मारण्यासाठी तोफ ओतणाऱ्यानं आपलं नाव लपवलं नाही. तुम्ही माणसं वाचवायची वस्तू विकता म्हणता आणि नाव लपवता.

बाजाराच्या दिवशी तुमची हेल्मेटं रस्त्याकडेला दोरीवर ओळीनं टांगलेली असतात. भाव अडीचशे, घासाघीस केली की दोनशे. विकणाऱ्या पोराशी माझं भांडण नाही. तो पावसाळ्यात रेनकोट विकतो, उन्हाळ्यात गॉगल विकतो, आणि हेल्मेटच्या आत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक घुटमळलं की तो पाठ केलेलं एक वाक्य म्हणतो, "कशाला म्हाग घेतूस दादा, पोलिसाला दावायपुरतं तर पायजे." हे वाक्य तुमचं आहे. तुमच्या साऱ्या धंद्याचा पाया त्यात आहे, म्हणून पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

तुमचं गिऱ्हाईक कोण, ते तरी बघा. बार्शीला कॉलेजला जाणारा पोरगा, बापानं ऊसबिलातून डाउन पेमेंट भरून घेतलेली एमएच २५ ची पहिलीच गाडी, लायसन्सही नवं. गाडी, विमा, पासिंग यांत ८०-९० हजार गेलेले असतात आणि खिशात उरलेले असतात दीड-दोन हजार. त्या पैशातून हेल्मेट घ्यावं असं त्याला वाटतं, ही किती मोठी गोष्ट आहे! आमच्या भागात हेल्मेट घालणाऱ्याला मित्र हसतात, तरी तो घ्यायला उभा राहतो. नेमका तिथं तुम्ही त्याला गाठता. बिनहेल्मेटचा माणूस आपण उघड्या डोक्यानं चाललो आहोत हे जाणतो, निदान थोडा जपून चालवतो. तुमचं हेल्मेट घातलेल्याला वाटतं, आपण काळजी घेतली. त्याचं डोकं तितकंच उघडं असतं, फक्त त्याला ते कळत नाही.

माझ्या भाच्यानं असंच एक घेतलं होतं. दारात उभ्या गाडीच्या टाकीवरून ते फरशीवर पडलं आणि कवचाला कानापासून वरपर्यंत तडा गेला. मग आम्ही ते पूर्ण उकलून पाहिलं. आत काळं कापड, कापडाखाली बोटभर जाडीचा गादीचा स्पंज, आणि स्पंजाच्या मागं थेट पातळ प्लास्टिक. थर्माकोलचा थर नावालाही नव्हता. पट्टा दोन बारीक रिबिटांवर धरलेला होता. तो हातानं ओढला तर एक रिबीट निसटून माझ्या हातात आलं.

तो थर्माकोलचा थर का लागतो, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. ठाऊक आहे म्हणूनच तो तुम्ही वगळता, कारण पैसे तिथं लागतात. वाचणाऱ्या पोरांसाठी मात्र सांगतो. परंड्याचा किल्ला भुईकोट आहे, भोवती खंदक आणि दुहेरी तट. हेल्मेटचं कवच म्हणजे बाहेरचा तट. तो घाव एका जागी घुसू देत नाही, पसरवतो. घट्ट दाबलेला थर्माकोल म्हणजे आतला तट, तो घावाचा जोर जिरवतो. मेंदू कवटीत सैल असतो. डोकं एकदम थांबलं की मेंदू आतून कवटीवर आदळतो, आणि वरून खरचटलेलंसुद्धा नसताना माणूस जातो. थर्माकोल चेपतो तेव्हा डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. तो वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो, जगणं-मरणं तेवढ्यावर ठरतं. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आदळलेलं हेल्मेट, वरून कितीही चकचकीत दिसलं तरी, टाकून द्यायचं असतं. गादीचा स्पंज बोटानंच तळापर्यंत दबतो. डोक्यानं दबायला त्यात काही उरतच नाही.

"गावातल्या गावात कशाला हेल्मेट, वेग कुठं असतो" असंही तुमच्या दोरीपाशी ऐकू येतं. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे गाडीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, डोकं नुसतं खाली पडलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असली तरी. आणि आमचे रस्ते काही गावातल्या गावात संपत नाहीत. दिवाळीपासून पुढं कारखाने सुरू झाले की बार्शी, करमाळा, कुर्डुवाडी, कुठल्याही दिशेला निघा, दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. कित्येकांना मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधारात ऊस दिसतो तोवर तो हँडलपाशी आलेला असतो. त्या रस्त्यावर तुम्ही आमच्या पोरांना स्पंज घालून पाठवता.

हेल्मेट न घातलेली किती माणसं जातात याचा हिशेब केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी छापतं. २०२२ सालचा आकडा ५०,०२९. त्यातले १४,३३७ मागं बसलेले. मागं बसलेली म्हणजे आमच्याकडं बहुतेक वेळा आई, बायको, बहीण, एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत, मांडीवर लेकरू घेऊन. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं असं मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम सांगतं, पगडी घालणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरांसाठीही वेगळा नियम २०२३ पासून लागू झाला आहे: लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि गाडीचा वेग चाळीसच्या आत. तुम्ही लहान मुलांच्या मापाचंही रंगीत, कार्टूनचं चित्र असलेलं हेल्मेट दोनशेला विकता. ते मी हातात घेऊन बघितलं. त्याच्यात स्पंजही धड नव्हता.

खरं हेल्मेट काय करतं, हे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. १९३५ च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार बसला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्यानं पुढं लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास मांडला, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. जगभरचे अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये जो निष्कर्ष निघाला तो असा, की हेल्मेटनं मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. तुमच्या मालाला यातला एक टक्काही लागू होत नाही.

आणि ज्याच्या जोरावर तुम्ही विकता ते चालान तरी वाचतं का? कायद्यात 'ठरलेल्या मानकाचं' हेल्मेट असा शब्द आहे. ते मानक म्हणजे आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून त्या मानकाचा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, साठवणं, विकणं बेकायदा आहे. तुमचं हेल्मेट घातलेला पोरगा कायद्याच्या लेखी बिनहेल्मेटचाच. त्याला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन होऊ शकतं. तुम्हाला भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड आहे. २०२५ मध्ये दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ कारखान्यांतून अडीच हजारांवर हेल्मेटं जप्त झाली. दिल्लीत झालं ते धाराशिव जिल्ह्यातही व्हायला हवं, कारण मराठवाड्यातल्या डोक्यांना वेगळं मानक नाही.

तुमच्या बाजूनं एकच युक्तिवाद ऐकतो, की गरिबाला महागडं हेल्मेट परवडत नाही. गरिबाचं नाव घेऊन त्यालाच लुबाडणं मला सगळ्यात जास्त चीड आणतं. आयएसआयचं खरं, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट हजार-बाराशेत मिळतं. बेळगावात, आपल्याच मराठी माणसांच्या शहरात, हेल्मेटचा मोठा कारखाना आहे. तुमच्या आणि खऱ्या हेल्मेटच्या किमतीतला फरक आठ-नऊ लिटर पेट्रोलचा आहे. शिवाय नवी गाडी देताना कंपनीनं मानकाचं हेल्मेट द्यायचं असतं, हे मोटार वाहन नियम १३८ मध्येच आहे. पोरांनो, शोरूममध्ये सीटकव्हर आणि क्रॅशगार्डची घासाघीस करण्याआधी ते मागून घ्या.

आणि पैसे थोडेच असतील तर ते कुठल्या क्रमानं खर्चायचे तेही इथंच लिहितो, म्हणजे तुमच्या दोरीपाशी थांबायची कुणाला गरज पडणार नाही. निम्मे किंवा त्याहून जास्त पैसे डोक्यावर. शिंप्याच्या टेपनं भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजून जायचं. हेल्मेट गालाला घट्ट लागलं पाहिजे, नवं असताना थोडं जास्तच. पट्टा लावून मागून वर ढकलून बघायचं. डोक्यावरून निघून आलं तर ते आपलं नव्हे. काच पांढरीच घ्यायची. काळी काच रात्री उसाचा ट्रॅक्टर लपवते. मित्राचं जुनं हेल्मेट फुकट मिळालं तरी नको, ते किती वेळा आपटलंय हे मित्रालाही आठवत नसतं. बांधकामावरची पिवळी टोपी तर नकोच, ती वरून पडणाऱ्या विटेसाठी असते, तिचं मानकही वेगळं आहे.

उरलेल्यातून हातमोजे. माणूस पडताना आधी तळवे टेकवतो, त्यामुळं तळव्याला जाड चामडं किंवा कडक पट्टी असलेले घ्यावेत. पायात चप्पल नको, घोटा झाकणारा, लेस आत खोचता येईल असा चामडी बूट. तो बहुधा घरात असतोच. सुती पँट डांबरावर घसरताना क्षणात फाटते, जाड जीन्स थोडी जास्त टिकते. त्यावरून बांधायचे गुडघ्या-कोपराचे गार्ड घेतले, तर ईएन १६२१ हा युरोपीय मानकाचा आकडा आणि सीई खूण बघून घ्यावेत. जॅकेट शेवटी, पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल, पण जाळीचं. मे महिन्यात इथलं ऊन जड जॅकेट अंगावर ठेवू देत नाही, आणि दाराला टांगलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही. जॅकेटसाठी हेल्मेटमधले पैसे काढायचे नाहीत, एवढं मात्र पक्कं.

आता तुमच्या शिक्क्याबद्दल. खऱ्या हेल्मेटवर आयएसआय चिन्हाच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर हे ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. त्यात तो क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसतं. तुमच्या हेल्मेटवरचा क्रमांक भाच्यानं टाकून पाहिला. तसा परवानाच नाही. त्याच ॲपमध्ये तक्रारीचा रकाना आहे. तडा गेलेल्या हेल्मेटचे, स्पंजाचे आणि तुमच्या स्टिकरचे फोटो जोडून आम्ही तक्रार दाखल केली आहे, आणि तिची प्रत तहसील कार्यालयात व पोलीस ठाण्यात दिली आहे. हेल्मेटचे तुकडे पिशवीत बांधून ठेवले आहेत, तपासणीला मागितले की देऊ. पुढच्या बाजारी तुमचा माल आला, तर प्रत्येक हेल्मेटचा क्रमांक तिथंच उभं राहून, गिऱ्हाइकासमोर मोबाईलवर टाकून बघणार आहोत. माल पाठवताना सोबत बिलबुक आणि परवान्याची प्रत पाठवा. विकणाऱ्या पोराला त्याची गरज पडेल.

परंड्याहून,
एक मोटारसायकलवाला