पस्तीसच्या लेन्सचा शास्त्रोक्त विधी

लेन्स घरी आणताना किंमत सांगू नये. बाकीच्या लेन्सांच्या किमती सांगाव्यात. निकॉनने ही ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स २००९ साली काढली, ती छोट्या सेन्सरवाल्या गरिबांसाठीच. दीडने गुणावे, साडेबावन्न येतात. म्हणजे फुल फ्रेमवाल्यांची पन्नासची लेन्स आपल्या दारात. हा गुणाकार पाहुण्यांपुढे सावकाश करावा. पाहुणे लवकर उठतात.

फोकसची मोटार लेन्समध्येच असल्याने डी४०, डी६० वाल्यांनाही ती चालते. वजन २०० ग्रॅम, पाव किलो भेंडीहून कमी. ‘एवढीशीच?’ असे विचारले जाईल. गप्प राहावे.

आता झूम. ती नाही, पाय आहेत. बारशाला पाळण्यामागे आत्यांची रांग लागली की मागे सरकावे. एक पाऊल, दोन पावले, मग पाठीला गोदरेजचे कपाट लागते. ते सरकत नाही. दहा फुटांवरून फ्रेममध्ये जेमतेम पावणेसात फूट रुंदी मावते, म्हणजे चार आत्या, त्याही दम धरून. पाचवीला आधीच्या पंगतीत बसवून टाकावे.

छिद्र एफ/१.८ वर उघडले की समईच्या उजेडातही फ्लॅश लागत नाही. पण अर्ध्या मीटरवरून स्पष्ट दिसते ते फक्त दीड सेंटिमीटर. नथीवर फोकस लागला तर डोळे गेले, डोळ्यांवर लागला तर नथ गेली, आणि फोटो नथीसाठीच तर होता! छिद्र एफ/५.६ करावे, दोन्ही येतात. मग घरातून विचारणा होते, ‘अरे, मग जुन्या लेन्सने काय घोडे मारले होते?’ यावर गंभीर चेहऱ्याने ‘बोके’ म्हणावे. मांजरांचा संबंध नाही. मागच्या धूसरपणाला हा जपानी शब्द आहे. आमच्या घरी मात्र आईने दुधावर झाकण ठेवले.

पूर्ण उघड्या छिद्रावर चांदीच्या वाळ्यांच्या कडेला कधी जांभळी-हिरवी झाक येते. ती पैठणीची, असे सांगावे. बाळंतिणीने सुती साडी नेसली असेल तर विषय बदलावा.

भाचीच्या बारशाच्या अल्बममध्ये थोरल्या आत्या अजून अर्ध्याच आहेत. उरलेल्या अर्ध्या आत्यांसाठी जुनी १८-५५ पिशवीत असू द्यावी, वर रुमाल टाकून.