ताडपत्रीखालचं प्रकरण

काय म्हणावं या माणसांना? संत नामदेव हळद मार्केट यार्डात बीट चालू असताना क्विंटलमागे पन्नास रुपये कमी मिळाले, तर ज्याला दिवसभर घास गोड लागत नाही, तोच गडी गंजक्या राजदूत मोटारसायकलपुढे उभा राहून खिसा उलटा करतो? आणि वर दात काढतो? घरी विचारलं तर म्हणे, "मित्राची गाडी आहे, चार दिवस ठेवलीय." ही मित्राची गाडी आज हिंगोलीत गल्लोगल्ली ताडपत्रीखाली झोपलेली आहे. एवढे मित्र आले कुठून?

बरं, जुन्या गाड्यांच्या नादाचं हे लोण एका हिंगोलीपुरतं असतं तर एक वेळ पोटात घातलं असतं. पण कळमनुरी गेली, वसमत गेलं, सेनगावानंही लाज सोडली. औंढ्याला तर नागनाथाच्या आधी पार्किंगमधल्या येझदीचं दर्शन होतं. ज्या राजदूतला किका मारून मारून बापाचा गुडघा गेला, तिच्यासाठी पोरगा खेडोपाडी गोठे धुंडाळतोय! बापानं ती भंगारवाल्याला दिली तेव्हा सुटलो म्हणून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आता पोरगा त्याच भंगारवाल्याला 'काका' म्हणतो.

आणि कौतुक तरी कशाचं? एस्कॉर्ट्सची राजदूत मुळात पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. 1973 साली 'बॉबी' आला, ऋषी कपूर तिच्या धाकट्या भावंडावर बसला आणि गावोगावच्या पोरांच्या डोक्यात हवा गेली. आमच्याकडे मात्र तिच्यावर नटी बसली नाही, दुधाच्या कॅनाच बसल्या. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाची. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गियर एकाच दांडीवर. कंपनी 1996 मध्ये बंद पडली, तरी भक्त म्हणतात गाडी अमर आहे. आर एक्स हंड्रेड 1985 मध्ये आली, तीही 1996 मध्ये बंद झाली. जेमतेम 98 सीसीचं इंजिन, आणि विकणारा आज आकडा सांगताना लाखाच्या खाली जीभच नेत नाही. आवाज ऐकला की म्हणे काळीज हलतं. हलणारच, किंमत ऐकल्यावर कुणाचं हलत नाही?

पण खरी मजा बघायची तर लिलावात. पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं वेलींनी वेढलेल्या बेवारस गाड्या असतात ना, त्यांची जाहीर सूचना पेपरात येते. एरवी पेपर मागच्या पानावरून वाचणारे त्या दिवशी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर तोंडपाठ करून येतात. अनामत भरतात, चेहरा साळसूद ठेवतात. "छे, मला कशाला, सहज आलो होतो." मग एकजण गुडघ्यावर बसतो, रुमालानं धूळ झटकतो, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि आकडे उमटले की असा उठतो, जणू ताम्रपट सापडला! बोली सुरू झाली की सहज आलेले सगळे एकमेकांचे दुश्मन. साडूसाडू समोरासमोर उभे ठाकतात. एक वार, दोन वार, तीन वार! गाडी मिळते. मग कुणीतरी हळूच सांगतं, बाबा, ही भंगार म्हणून विकलीय, कागदपत्रं मागू नको. पण ऐकायला कान जाग्यावर असतील तर ना!

कायदाही अजब. 15 जुलै 2021 च्या नियमांनी विंटेजचा दर्जा दिला, पण गाडी पन्नास वर्षांच्या पुढची हवी, अंगावर मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात मानाची 'व्हीए' ही अक्षरं. रोज फिरवायची मात्र नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. दुरुस्तीला? अहो, मग येझदीवाल्याला अडवणार कोण? तो दुसरीकडे जातोच कधी? आणि आर एक्स हंड्रेडवाल्यांनो, कॉलर खाली करा. तुमची लाडकी विंटेज व्हायला 2035 उजाडेल.

आपणच एकटे बिघडलो म्हणावं तर तेही नाही. अमेरिकेत माणसं जुनी पिनबॉल यंत्रं लिलावात घेऊन बैठकीत मांडतात. न्यूयॉर्कनं 1942 मध्ये हा खेळ जुगार म्हणून बंद पाडला, महापौर ला गार्डियांनी हातात घण घेऊन यंत्रं फोडली. 1976 मध्ये बंदी उठली. ज्यांच्या आजोबांनी त्यापायी बोलणी खाल्ली, त्यांची नातवंडं आता त्याच यंत्रासाठी बोली चढवतात. गोऱ्यांची बैठक असो की आपलं माळवद, खूळ एकच.

बाटलेल्यांची यादी तर वाचवत नाही. टू-स्ट्रोकच्या धुरानं खोकणारे निवृत्त गुरुजी आता पेट्रोलमध्ये ऑईल किती टाकायचं यावर तासभर प्रवचन देतात. "पोरं वाया गेली" म्हणणारे सरपंच पॉलिश पेपरनं प्लग घासताना दिसले. वहिनींनी महिनाभर अबोला धरला, मग एका संध्याकाळी मागं बसून गांधी चौकापर्यंत चक्कर मारून आल्या. आता नवऱ्यालाच दटावतात, "टाकीला हात लावू नका, रंग ओरिजिनल आहे."

आणि तुम्ही? हो, तुम्हीच! रात्री मोबाईलवर कोणत्या टाकीचे फोटो मोठे करून बघत होता? मिस्त्रीचा नंबर 'दूधवाला' नावानं कशाला सेव्ह केलाय? असू द्या, आपण नावं ठेवणार नाही.

गुरुवारी लिलाव आहे म्हणे. आपल्याला काही घ्यायचं नाही, नुसतं बघून येऊ. अनामतीचे पैसे तेवढे जवळ असलेले बरे.