पडद्याची सनद

संपूर्ण पडदा व्यापून टाकण्याची महत्त्वाकांक्षा प्रत्येक चित्रमय प्रोग्रामच्या अंतःकरणात जन्मतःच वास करीत असते. आणि ती पूर्ण करण्यास फुलस्क्रीनचे एक निशाण लावले की पुरे, असे क्रमिक पुस्तके इतक्या निर्विकारपणे सांगतात, की त्यांच्या लेखकांनी आयुष्यात एकाहून अधिक संगणक पाहिला असावा किंवा नाही, याविषयी वाचकाच्या मनात रास्त शंका उत्पन्न व्हावी. 1998 साली सॅम लँटिंगा यांनी निर्माण केलेल्या एसडीएलसारखी लायब्ररी हाताशी असली, म्हणजे एकच कोड विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही मुलखांत चालतो, हे खरेच आहे. मात्र पडद्याची सनद देण्याचा कायदा प्रत्येक मुलखात निराळा असून, प्रोग्राम सर्वत्र जहागीरदाराच्या ऐटीत प्रवेश करतो, हेच सर्व अनर्थाचे मूळ होय.

विंडोजच्या मुलखात पूर्वापार रिवाज असा होता, की अर्जदाराने 640 बाय 480 मागितले, म्हणजे सरकार खरोखरच अवघा पडदा त्या मापाचा करून देई. पुढे अर्जदार मध्येच गतप्राण झाला, तर डेस्कटॉपवरील आयकॉन कोपऱ्यात दाटीवाटीने उभे असलेले आढळत. आता डीपीआयचे ज्ञान असल्याचे आगाऊ कबूल न करणाऱ्या प्रोग्रामला, सव्वापट आकारमान ठेवलेला 1920 पिक्सेल रुंदीचा पडदा 1536 चाच आहे, असे अत्यंत गंभीर मुद्रेने सांगण्यात येते. मॅकचे दफ्तर याहून सोवळे. तेथे खिडकीचे माप पॉइंटमध्ये आणि रेटिना पडद्यावरील चित्राचे माप पिक्सेलमध्ये धरले जाते, आणि दुसरे पहिल्याच्या दुप्पट असते. ही तफावत ध्यानात न घेता व्ह्यूपोर्ट ठरवला, तर ओपनजीएलचा आरंभबिंदू डावीकडे खाली असल्यामुळे सारे विश्व त्या कोपऱ्यातील चतुर्थांशात अंग चोरून बसते आणि उरलेला तीन चतुर्थांश पडदा काळाठिक्कर राहतो. लिनक्समध्ये, 1987 सालच्या एक्स-11 च्या अमलात, अर्ज विंडो मॅनेजर नामक मामलेदाराकडे जातो, आणि मामलेदार बदलला की निकाल बदलतो. तर वेलँडच्या नव्या राज्यात पडद्याचे रिझोल्यूशन स्वतः बदलण्याचा अधिकारच रयतेकडून काढून घेण्यात आला आहे.

हे सारे ज्ञान मजजवळ असल्याची वार्ता आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सव मंडळास कशी लागली, कोण जाणे. मंडपातील टीव्हीवर सूर्यमाला फिरत राहावी आणि तळाशी देणगीदारांची नावे झळकावीत, असा ठराव मंजूर होऊन तो मला कळवण्यात आला. माझ्या मेजावर जो गुरू वाटोळा होता, तोच मंडपात चांगला लांबट दिसू लागला. लॅपटॉपच्या लिनक्सने फुलस्क्रीनसाठी 1024 बाय 768 हे चौकोनी वळणाचे माप पसंत केले होते, आणि टीव्हीने ते आपल्या सोळास नऊ या प्रमाणात ऐसपैस ताणून घेतले होते. केप्लरने 1609 साली मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले, खुद्द ग्रह लंबवर्तुळाकार असल्याचे नव्हे, हे मी चिटणिसांना समजावून दिले. त्यांनीही ते मान्य केले. तेव्हा पडद्याचे मूळ माप न बदलता बिनकडांची खिडकी त्यावर पसरावी, चित्र प्रमाणशीर वाढवावे आणि डाव्या-उजव्या बाजूंस उरलेली जागा काळी सोडावी, हा सर्व मुलखांत चालणारा उपाय योजताच गुरू पूर्ववत गोल झाला.

परंतु देणगीदारांची नावे अदृश्यच राहिली. पूर्वीच्या काचनळीच्या टीव्हींना चित्राच्या कडा सरळ राखता येत नसत, म्हणून चित्र थोडे फुगवून त्या कडा चौकटीआड दडवण्याची वहिवाट पडली. काचनळी गेली तरी ती वहिवाट पुष्कळ टीव्हींनी वतनासारखी सांभाळली असून, संगणकाकडून आलेल्या चित्राच्याही चारी बाजू ते बिनदिक्कत छाटतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ही छाटणी बंद करता येते. पण त्यासाठी लागणारा रिमोट टीव्हीच्या मालकांच्या कपाटात होता आणि मालक गणपतीसाठी सावंतवाडीला गेले होते.

"काका, ग्रहबिह झकास फिरतायत," चिटणीस म्हणाले, "पण वर्गणी ग्रहांनी दिलेली नाही."

या युक्तिवादास प्रत्युत्तर नव्हते. मी प्रोग्रामला नम्रतेचे दोन धडे दिले. मागितलेले माप मिळालेच असे गृहीत न धरता, खिडकी उघडल्यावर प्रत्यक्ष काय पदरात पडले, ते पिक्सेलमध्ये विचारून घ्यावे, हा पहिला. आणि मिळालेल्या जागेतही चहूकडून शेकडा पाच भाग समास सोडून उरलेल्यात संसार मांडावा, हा दुसरा. पडद्यावर संपूर्ण हक्क सांगणाऱ्याचे काही ना काही छाटले जाते आणि अंग आवरून बसणाऱ्याचे सर्व शाबूत राहते, हे तत्त्व मी त्या रात्री चिटणिसांपुढे सविस्तर मांडले. सर्व नावे आकार-उकारांसह झळकू लागली होती, त्यामुळे त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. नंतर डाव्या-उजव्या बाजूंच्या काळ्या पट्ट्यांकडे बराच वेळ निरखून पाहिले, आणि पुढील वर्षी तेथे जाहिराती घेतल्यास चौरस इंचास काय दर लावावा, याविषयी माझे तज्ज्ञ मत विचारले.